न दबणारी शीर

मी बालाघाटच्या एका शाळेत बरीच वर्षं जीवशास्त्र शिकवलं. शिकवणं हिंदीत, घरात बोलणं मराठीत, त्यामुळे डोक्यात एकेका गोष्टीला दोन-दोन शब्द. रक्ताच्या धड्यात ‘थक्का’ यायचा, म्हणजे आपली गुठळी. बोट कापलं की रक्त वाहतं, मग त्यात बारीक धाग्यांचं जाळं तयार होतं, रक्तपेशी त्यात अडकतात आणि वाहणं थांबतं. ही सोय नसती तर काटा रुतूनही माणूस गेला असता, असं मी मुलांना सांगायचे. धड्यातला थक्का असा उपकारी होता. नुसता फायद्याचा. म्हणून मामांच्या पायाला साधं खरचटलेलंही नसताना आतल्या आत रक्ताची गुठळी झाली, तेव्हा भीती तर वाटलीच, पण त्या भीतीच्या मागोमाग एक प्रश्न उभा राहिला. जखम नाही, मग हे रक्त थांबवायला कशाला निघालं?

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. लालबर्ऱ्याच्या पलीकडे एका गावात त्यांची धानाची शेती आहे. अंगानं जाड, बोलण्यात गमत्या, आणि एखादी गोष्ट मनात बसली की बसली. वडील गेल्यापासून आई माझ्याकडे शहरात असते. ती किडकिडीत. एका जागी बसणं तिला शिक्षेसारखं वाटतं. दोघांना शेजारी उभं केलं तर कुणी भाऊ-बहीण म्हणणार नाही. फक्त पाय सारखे. पोटऱ्यांवर त्याच फुगलेल्या निळ्या शिरा, आणि चालताना उजवं पाऊल तसंच बाहेर पडतं.

कोरोनाचं लसीकरण सुरू झालं तेव्हा आईनं वेळेवर दोन्ही डोस घेतले. मामांनी एकही घेतला नाही. ते एकदा काही कामानं शहरात आले, तेव्हा जेवता जेवता आईनं विषय काढला.

“काहून नाही घेत तू?”

“रगत गोठते म्हणतेत त्यानं.”

“कोण म्हणते?”

“मोबाइलवर आलं. गावात सगळेच म्हणून राह्यले.”

“मी घेतली ना. माझं गोठलं का?”

“तुझं पहिलेच थंड आहे, बाई,” मामा म्हणाले आणि हसत हसत भातावर वरण ओढून घेतलं.

मला त्यांच्या भीतीचं नवल वाटलं नाही. बाहेरच्या देशांत लसीनंतर काही थोड्या लोकांना गुठळ्या झाल्याच्या बातम्या मीही वाचल्या होत्या. त्यांच्या मोबाइलवर आलेला निरोप अगदीच हवेतून पडलेला नव्हता. कुठल्या तरी खऱ्या गोष्टीला शेपट्या फुटून तो गावापर्यंत पोचला होता. मी त्यांना समजावून सांगितलं की असं फार क्वचित होतं, आजार त्याहून वाईट आहे. त्यांनी मान डोलावली. माझ्या शिक्षणाचा त्यांना अभिमान आहे, म्हणून ऐकून घेतात. गावच्या शाळेत लसीचा कॅम्प लागला त्या दिवशी मात्र मामा सकाळीच बांधावर निघून गेले आणि कॅम्प उठल्यावर घरी आले. हे मामीनंच आम्हाला सांगितलं.

पुढच्या जानेवारीत ती तिसरी लाट आली. मामांच्या नातवाचं बारसं ठरलेलं होतं. आजार आता सौम्य झालाय, असं जो तो म्हणत होता, म्हणून आम्हीही गेलो. एका आठवड्याच्या आत आई खोकायला लागली. तिकडे मामाही. दोघांची तपासणी झाली, दोघांनाही कोरोना निघाला. बहुतेक एकाच पंगतीतून आला असावा.

आईला ताप आला आणि दोन-तीन दिवसांत उतरला. मी तिला खोलीत राहायला सांगितलं, तर ती मागच्या अंगणात येरझाऱ्या घालायची. झोप म्हटलं की म्हणायची, “पडून राह्यली तं गंजून जाईन.” मामांचं तसं नव्हतं. ते मागच्या खोलीत खाटेवर पडले ते पडलेच. ताप जायचा, पुन्हा यायचा. अंग मोडून आलेलं, जेवण जाईना, पाणीही कुणी हातात दिलं तरच. बोटाला लावायचं यंत्र मी पाठवलं होतं. त्यावरचा ऑक्सिजनचा आकडा कधी खाली गेला नाही, म्हणून दवाखान्याची वेळ आली नाही. फार दिवस लागले, पण ते उठले. फोनवर आवाज पुन्हा आधीसारखा झाला. संपलं, असं आम्ही धरलं.

त्यानंतर काही दिवसांनी सकाळी मामीचा फोन आला. दुसऱ्याच कशासाठी तरी केला होता, बहुतेक लाखोळीच्या डाळीसाठी. बोलता बोलता म्हणाली, “यायच्या पायाची शीर चढली. सुजला आहे पाय. मालिशवाले बुवा काल येऊन गेले, आजही येतेत.”

शीर चढते, उतरते, गावात कुणाची ना कुणाची चढलेलीच असते. मी फोन ठेवलाही. पण आईची रक्तदाबाची गोळी संपली होती, ती लिहून घ्यायला गल्लीच्या टोकाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि सहज मामांचं सांगितलं. त्या चिठ्ठी लिहीत होत्या. हात थांबला.

“एक पैर या दोनों?”

मी विचारलं नव्हतं. तिथूनच मामीला फोन लावला. “एकच. डावा.” गरम आहे का, असं त्यांनी विचारायला सांगितलं. मामीनं हात लावून पाहिला असावा, कारण थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग म्हणाली, “हौ, तापलेला आहे. दुसरा तं थंड आहे.”

“मालिश मत होने देना,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “किसी को हाथ मत लगाने दो. आज ही लेकर आओ.”

घरी येऊन आईला सांगितलं आणि गाडी काढली. आमची जुनी गाडी मीच चालवते. वैनगंगेचा पूल ओलांडून लालबर्ऱ्यापर्यंतचा रस्ता माझ्या रोजच्या ओळखीचा. त्या दिवशी मात्र सगळ्या राइस मिलचे ट्रक माझ्याच पुढे लागलेत असं वाटत होतं. पोचले तेव्हा मामा अंगणात उन्हात खाटेवर बसलेले, डावा पाय उशीवर. मालिशवाले बुवा कोमट तेलाची वाटी घेऊन समोर बसलेले, आणि मामी त्यांना चहा देऊन थोपवून धरत होती.

मामांनी पाय दाखवायला धोतर वर केलं. पोटरीची कातडी ताणून चकचकीत झाली होती, रंग थोडा जांभळट. मी मामीकडून सुतळीचा तुकडा मागून घेतला आणि उजव्या पोटरीभोवती जेमतेम पुरेल एवढा तोडला. तोच डाव्या पोटरीभोवती धरला तर टोकं एकमेकांपर्यंत पोचेनात. मधे चांगली बोटभर फट.

“काय मोजून राह्यली? पायजमा शिवतं का?” मामा म्हणाले.

“चला मामा, डॉक्टरले दाखवून येऊ.”

“शीर आहे, पोरी. उतरन दोन दिवसांत.”

“उतरली तं वापस आणून सोडते तुम्हाले.”

बुवांनी काही वाद घातला नाही. चहा संपवला आणि वाटी उचलून गेले. मामा माझ्या शेजारच्या सीटवर बसले, सीट मागे सरकवून पाय लांब केला. लालबर्रा मागे पडलं, तेव्हा त्यांनी छातीच्या उजव्या बाजूला हात ठेवला.

“दुखते का तिथं?”

“काल संध्याकाळपासून श्वास घेतला की टोचते. गॅस असन.”

मी गाडीचा वेग वाढवला एवढंच. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यासमोर गाडी उभी केली तर त्या स्वतः बाहेर आल्या. छातीत टोचतं, हे ऐकल्यावर त्यांनी मामांना उतरूच दिलं नाही. गाडीतच नाडी पाहिली, पाय पाहिला. मग गोंदियाच्या एका दवाखान्यात फोन करून आम्ही येतोय असं कळवलं. आई घरून निघून त्यांच्या दारात येऊन उभी होती. मी नको म्हणायच्या आत ती मागचं दार उघडून बसली.

राजेगावजवळ बाघ नदीचा पूल ओलांडला की महाराष्ट्र लागतो. मामा दरवेळी तिथं म्हणतात, “आता आपली भाषा सुरू झाली.” त्या दिवशीही म्हणाले, पण वाक्य पुरं करायला त्यांना मधे थांबून श्वास घ्यावा लागला. आईनं मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. गोंदिया येईपर्यंत काढला नाही.

गोंदियाला आधी पायाची सोनोग्राफी झाली. तपासणारे डॉक्टर तरुण होते. मी शिकवते हे कळल्यावर त्यांनी मला पडद्याजवळ उभं राहू दिलं. त्यांनी आधी चांगला पाय घेतला. पडद्यावर दोन काळी वर्तुळं दिसली, एक लहान, एक मोठं.

“ही रोहिणी, ही नीला,” ते म्हणाले. “आता मी वरून दाबतो. बघा.”

त्यांनी हातातलं यंत्र मांडीवर दाबलं. मोठं वर्तुळ चपटं होत होत मिटून गेलं, जसं बागेतल्या पाण्याच्या नळीवर पाय पडावा. हात सैल केला की पुन्हा गोल. लहान वर्तुळ मात्र जागच्या जागी धडधडत होतं. दाबलं की नीला मिटते, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. आपल्याच अंगात असं काही आहे याची मला गंमत वाटली, आणि मामा बाजूला पडलेले असताना गंमत वाटली म्हणून अवघडल्यासारखंही झालं.

मग डावा पाय. वर्तुळ काळं नव्हतं, आत राखाडी काहीतरी भरलेलं. त्यांनी दाबलं. ते मिटलं नाही. थोडं वर सरकून पुन्हा दाबलं, तरी नाही. गुडघ्याच्या मागपासून मांडीच्या अर्ध्यापर्यंत ती शीर कुठंच दबली नाही.

“गुठळी,” डॉक्टर म्हणाले. “बरीच लांब आहे.”

त्यानंतर छातीचं स्कॅन झालं. गुठळीचा एक तुकडा सुटून फुप्फुसाच्या एका फांदीत जाऊन बसला होता. मोठ्या खोडात अडकला असता तर गोष्ट वेगळी झाली असती, असं तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मालिशमुळे सुटला का, असं मी विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही, आपोआपही सुटतो. पण अशा पायाला चोळायचं नाही, हे मात्र नक्की. मामांना भरती केलं आणि पोटाच्या कातडीत रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं सुरू केली.

पहिला दिवस वाईट गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी चहा मागितला. मोठे डॉक्टर फेरीला आले तेव्हा मामा उशीला टेकून बसले होते. बहुधा बऱ्याच वेळापासून ठरवून ठेवलेलं असावं, असं त्यांनी विचारलं.

“डॉक्टरसाहेब, रगत गोठते म्हणून मी लस घेतलीच नाही. मंग माझं रगत गोठलं कसं?”

डॉक्टर हसले नाहीत, याचं मला बरं वाटलं. स्टूल ओढून बसले.

“तुम्हाला कोरोना झाला होता ना?”

“हौ. पण तो तं बरा झाला.”

“ताप बरा झाला. हा आजार नुसता छातीत राहत नाही. रक्तवाहिनीला आतून जे गुळगुळीत अस्तर असतं ना, ते सुजवतो. अस्तर खडबडीत झालं की रक्ताला वाटतं, इथं जखम आहे. मग ते आपलं काम करतं, गोठतं. त्यात तुम्ही कितीतरी दिवस पडून होतात, पाणी कमी, वजन जास्त, वयही आहे. ताप गेल्यावरचे काही आठवडे यासाठी धोक्याचेच असतात.”

रक्ताला वाटतं, इथं जखम आहे. सोनोग्राफीपासून जो प्रश्न मला छळत होता त्याचं उत्तर या एका वाक्यात होतं. माझा धडा चुकीचा नव्हता, अर्धा होता.

“लस घेतली असती तं हे झालं नसतं?” मामांनी विचारलं.

“तुमच्या एकट्याबद्दल मी सांगू शकत नाही. लस घेतलेल्यांनाही कोरोना होतो, त्यातल्या काहींना गुठळीही होते. पण लस घेतलेली पुष्कळ माणसं एका बाजूला आणि न घेतलेली दुसऱ्या बाजूला, अशी पाहिली तर घेतलेल्यांमध्ये गुठळ्या बऱ्याच कमी झाल्या. एवढं सांगता येतं.”

डॉक्टर उठता उठता म्हणाले, “एक राहिलं. घरात आणखी कुणाला असं झालं होतं? एकच पाय सुजणं, अचानक धाप लागून जाणं?”

“नाही,” मामा म्हणाले.

आई खिडकीजवळ बसली होती. तिनं पदर नीट केला आणि म्हणाली, “आईले.”

मामांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

आमची आजी मामांच्या जन्मानंतर काही दिवसांत गेली, हे मला माहीत होतं. बाळंतपणात गेली, एवढंच घरात बोललं जायचं. आणखी एक गोष्ट बोलली जायची, पण ती मामांच्या पाठीमागे, आणि ते लहान असताना त्यांच्या तोंडावरही. पोरानं आल्या आल्या मायले खाल्लं. मामांना सावत्र आईनं वाढवलं. ती वाईट नव्हती, पण राग आला की तिच्याही तोंडून ते निघायचं. मामा हे कधी कुणाजवळ बोलत नसत. त्यांच्या वाढदिवसाचा विषय आमच्याकडे कुणी काढत नसे.

आई तेव्हा लहान होती, शाळेतही न जाणारी. तिनं डॉक्टरांना जे सांगितलं ते ती मलाही पहिल्यांदाच सांगत होती. आजी बाळंतिणीच्या खोलीत खाटेवर होती. तिला उठू देत नसत, तेव्हा तशीच रीत होती. तिचा एक पाय केळीच्या खुंटासारखा सुजला होता. आईला त्या पायाजवळ बसवून माश्या हाकायला सांगत. एका सकाळी आजीला न्हाऊ घालायला उठवलं. ती दोन पावलं चालली, छातीवर हात ठेवला, म्हणाली मला श्वास येत नाही, आणि खाली बसली. मग उठलीच नाही.

“मले तं वाटे सगळ्याच बाळंतिणीचा पाय असा सुजत असन,” आई म्हणाली. “मंग माझी बाळंतपणं झाली, तवा समजलं का नाही सुजत. पण सांगाव कोणाले?”

डॉक्टर म्हणाले की इतक्या वर्षांनंतर नक्की काही सांगता येणार नाही. पण हे वर्णन गुठळीसारखं वाटतं. बाळंतपणानंतर रक्त थोडं जास्तच गोठू पाहतं, आणि पडून राहिलं तर आणखी. काही घराण्यांत मुळातच रक्त लवकर गोठायची सवय असते, आई-वडिलांकडून मुलांकडे येते. मामांची तशी तपासणी करून पाहू, असं त्यांनी सुचवलं.

डॉक्टर गेले. मग मामा आईला म्हणाले, “कोणता पाय होता?”

“आठवत नाही रे भाऊ.”

“आठव ना.”

“नाही आठवत. मी लहान होती.”

मामांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. थोड्या वेळानं तसेच डोळे मिटून म्हणाले, “मले वाटत होतं, माझ्यात काही दोष आहे म्हणून ती गेली. तिचंच रगत माझ्यात आलं, असं हे म्हणतेत.” आई उठून त्यांच्या खाटेवर बसली आणि चांगला पाय दाबू लागली.

मामा काही दिवसांनी घरी आले. इंजेक्शनं संपून गोळ्या सुरू झाल्या. रक्ताचा नमुना नागपूरला गेला होता, त्याचा निकाल आला. त्यांच्या रक्तात लवकर गोठायची जन्मजात ओढ होती. मग मला राहवेना. मी आईला म्हटलं, तुझीही तपासणी करू.

“या वयात कशाले? झालं ते झालं. सुया टोचून घेऊ काय आता?”

तिचं ऐकावंच लागलं. पण मला एक वाट सुचली. मी माझीच तपासणी करून घेतली. मामांच्या रक्तात जे निघालं तेच माझ्यातही निघालं. वडिलांच्या बाजूला असं काही कधी ऐकलेलं नाही, म्हणजे ते माझ्याकडे आईमार्फत आलं असणार. सुई न टोचता आईचा निकाल माझ्या हातात आला.

तो कागद घेऊन मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. खरं सांगायचं तर मी हरखून गेले होते. एकाच आईची दोन मुलं, रक्तातली ओढ एकच, एकाच पंगतीत लागलेला कोरोना. एकानं लस घेतलेली, दुसऱ्यानं नाही. ज्यानं घेतली नाही त्याच्या शिरेत गुठळी, जिनं घेतली ती ठणठणीत. प्रयोगशाळेतही इतका नेमका प्रयोग जमायचा नाही, असं मी म्हणाले.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांच्या त्या हिंदीत जे म्हणाल्या त्याचा अर्थ असा, की मॅडम, दोन माणसांचा प्रयोग होत नाही. तुमची आई बाई, मामा पुरुष. आई बारीक, ते जाड. आई दिवसभर अंगणात चालत होती, ते खाटेवर होते. यातलं कशानं काय झालं, कसं ठरवाल?

मी खट्टू झाले. उठून दारापर्यंत गेले आणि परत फिरले. “पण आई चालू शकली, कारण तिला आजारच हलका झाला. आणि आजार हलका झाला तो कदाचित लसीमुळे. मग चालणं हेही लसीचंच नाही का?”

त्या पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. “हो सकता है. या फिर आपकी माताजी वैसे भी नहीं बैठतीं.”

हे मला आजही सुटलेलं नाही. मोठ्या संख्येत जे स्वच्छ दिसतं ते घरातल्या दोन माणसांत शोधायला गेलं की हातात येत नाही. डॉक्टरीणबाईंना आईचा स्वभाव माझ्याइतकाच माहीत होता, हीही एक अडचणच.

मामांनी मात्र स्वतःपुरता निर्णय माझ्यापेक्षा लवकर घेतला. गोंदियाच्या डॉक्टरांना विचारून, सगळं स्थिरावल्यावर, त्यांनी लस घेतली. मी सोबत होते. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे सांगितल्यावर नर्सनं सुई काढल्यावर कापसाचा बोळा बराच वेळ दाबून धरला आणि चोळू नका म्हणून बजावलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, कसं काय मन झालं?

“बाई चालत होती आन् मी पडून होतो. एवढंच पाह्यलं मी. तुमचं ते बाकीचं मले नाही समजत.”

दोनेक वर्षांनी पुन्हा बातम्या आल्या. लसीमुळे क्वचित गुठळ्या होऊ शकतात, हे बनवणाऱ्यांनीच परदेशातल्या कोर्टात मान्य केलं, अशा. सकाळीच मामांचा फोन. आवाजात भीती नव्हती, जिंकल्याचाही भाव नव्हता. ते खरोखर विचारत होते.

“पोरी, पेपर पाह्यला? मी म्हणत होतो ते खरंच होतं का मंग?”

मी आदल्या दिवशीच डॉक्टरीणबाईंना विचारून आले होते, कारण तोच प्रश्न मलाही पडला होता. त्यांनी सांगितलं ते मामांना सांगितलं. हो, होतं, पण फारच कमी लोकांना, आणि लस घेतल्यावर पहिल्या काही आठवड्यांत. ती गुठळीही वेगळ्या जातीची, त्यात रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशीच कमी होतात. हे डॉक्टरांना तेव्हाही माहीत होतं, आता नव्यानं कळलेलं नाही. आणि कोरोनानं गुठळी व्हायचा धोका त्याच्या कितीतरी पट जास्त.

मामा ऐकत होते. मागे त्यांच्या बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या.

“म्हणजे मी अगदीच खोटा नव्हतो.”

“नव्हता मामा.”

“आन् तू बी नव्हती.”

“नाही.”

“मंग गावात लोकायले काय सांगू? मलेच विचारतेत सगळे. याचा पाय सुजला होता, याले माहीत असन म्हणतेत.”

“काय सांगता तुम्ही?”

“मी म्हणतो, लस घेतल्यावर काही झालं तं दवाखान्यात जा, आन् कोरोनानंतर एक पाय सुजला तरी दवाखान्यात जा. चोळत नोका बसू.” ते थांबले. “बरोबर सांगतो का?”

मी म्हटलं, मलाही याहून जास्त येत नाही.

त्यांचा डावा पाय अजून संध्याकाळी थोडा जड होतो. घट्ट मोजा घालावा लागतो, तो त्यांना अजिबात आवडत नाही, चिखलात तर नाहीच. गोळी चालू आहे, बहुधा कायमची. मी प्रवासात दर थोड्या वेळानं उठते, जबलपूरच्या बसमधले कंडक्टर माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहतात. माझ्या मुलीलाही मी हे सगळं सांगून ठेवलं आहे. ती म्हणाली, बाळंतपणाची वेळ आली तर डॉक्टरांना सांगेन.

हल्ली मामा महिन्यातून एकदा तरी शहरात येतात. औषधाचं निमित्त असतं, पण औषध लालबर्ऱ्यातही मिळतं. ते येतात आईजवळ बसायला. एवढी वर्षं दोघं एकमेकांशी शेत, पाऊस, पोरं, नातवंडं असं सगळं बोलली, पण त्यांच्या आईबद्दल चकार शब्द नाही. आता मामा एकेक विचारतात. उंच होती का? चिडे का? भात आवडे का भाकर? आईला थोडंच आठवतं, पण ती खोटं सांगत नाही. आठवत नसलं तर आठवत नाही म्हणते.

परवा त्यांनी विचारलं, “गाणं म्हणे का?”

“म्हणे,” आई म्हणाली. “पण आवाज भसाडा होता. जात्यावर बसली का कुत्रं उठून दुसऱ्या घरी जाये.”

मामा पोट धरून हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला, मी पाणी आणलं. ते प्यायले आणि आईला म्हणाले, “आणखी सांग.”